कोंबडी लंगडते? औषधाआधी तळवा बघा

प्रश्न : माझ्याकडं सात-आठ गावरान कोंबड्या आहेत. त्यातली अंड्यावरची एक कोंबडी चार-पाच दिवसांपासून डावा पाय उचलून धरते, लंगडत चालते. दाणे खाते, पाणी पिते, पण बाकीच्या तिला टोचतात. शेजारी म्हणतात डाग दे, घरचे म्हणतात कापून टाक. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून द्यावी का?
(एक महिला शेतकरी, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : ताई, गोळी देऊ नका, डाग तर मुळीच देऊ नका आणि कापायची घाईही करू नका. कोंबडी खातेपिते आहे, एकाच पायाला त्रास आहे आणि बाकीच्या ठणठणीत आहेत. म्हणजे बहुधा ही दुखापत आहे, साथीचा रोग नाही. अशी कोंबडी नीट विश्रांती मिळाली तर बऱ्याचदा आठ-पंधरा दिवसांत पाय टेकू लागते. पण आधी तो पाय बघायला हवा, आणि नेमकं तेच आपल्याकडं राहून जातं. हळद लागते, चुना-गूळ लागतो, चिंधी बांधली जाते. तळवा उलटा करून कुणी बघत नाही.

दिवेलागणीनंतर कोंबड्या खुराड्यात बसल्या की तिला उचला. अंधारात ती शांत असते. दिवसा पाठीमागं धावून पकडली तर दुखरा पाय आणखी दुखावतो. जुन्या टॉवेलात पंखांसकट गुंडाळून मांडीवर घ्या आणि मोबाईलची बॅटरी लावा. छाती मात्र आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच त्यांचा श्वास चालतो. पायाला धरून उलटं लटकवणंही टाळा. आठवडी बाजारातून कोंबड्या तशाच आणतात, आणि कित्येक पाय तिथंच सुतळीच्या फासात दुखावलेले असतात.

आता कोमट पाण्यानं दोन्ही पाय धुवा. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानाचा चिखल बोटांभोवती थापला जातो आणि वाळला की टणक गोळा होतो. तेवढ्यानंही कोंबडी लंगडते. गोळा ओढू नका, नखी निघून येईल, भिजवून सोडवा. मग बोटांची पेरं एकेक करून तपासा. खताच्या पोत्याची प्लास्टिकची दशी, शिवणाचा दोरा, बाईमाणसाचे गळलेले केस पायात गुरफटतात आणि कातडीत इतके रुततात की वरून दिसतही नाहीत, नुसतं बोट सुजलेलं दिसतं. बारीक कात्रीनं दोरा जपून कापला की दोन-तीन दिवसांत फरक पडतो. बोट काळं, थंड पडलं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

त्यानंतर तळवा. मराठवाड्यात लंगड्या कोंबडीच्या तळव्यात सगळ्यात आधी मी काटा शोधतो. बांधाबांधाला येडी बाभूळ आहे, आणि तूर-कपाशी निघाल्यावर रानात धसकटं उभी राहतात. काटा मोडून आत राहतो, वरची जखम बुजते आणि जंतू आत वाढतात. मग तळव्याच्या मधोमध काळपट, टणक खपली धरते, भोवती सूज येते, हाताला गरम लागतं. कुणी याला कुरूप म्हणतं. उंचावरून शहाबादी फरशीवर रोज उडी मारणाऱ्या जड कोंबड्यांनाही हे होतं. गिरिराज, वनराजसारख्या जातींत ते जास्त दिसतं.

काट्याचं टोक बाहेर दिसत असेल तर उकळलेल्या पाण्यात ठेवून काढलेल्या चिमट्यानं तो ओढून काढा. सूज असेल तर कोमट पाण्यात चमचाभर मीठ टाकून पाय पंधरा मिनिटं बुडवा, कोरडा करा, पोव्हिडोन आयोडिन लावा, वर स्वच्छ गॉज आणि कागदी चिकटपट्टी गुंडाळा. पट्टी रोज बदला. सुई टोचून पू काढायला जाऊ नका. कोंबडीचा पू पातळ नसतो, खव्यासारखा घट्ट असतो. टोचून तो वाहत नाही, उलट जंतू खोल जातात. टणक गाठ झाली असेल तर ती डॉक्टरांनीच काढायची. हळद-तेल उथळ खरचटण्यावर चालेल, खोल जखमेत हळद कोंबू नका. पायाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणानं हात धुवा, कारण हेच जंतू माणसाच्या जखमेतही शिरतात.

तळवा स्वच्छ निघाला तर वर या. पाय वेडावाकडा लोंबतोय, हाड हाताला दोन तुकड्यांत लागतंय, तर ते मोडलं आहे. खवल्यांची उघडी नळी मोडली असेल आणि कातडी फाटली नसेल तर घरी आधार देता येतो. पायाला कापूस गुंडाळा, दोन्ही बाजूंनी बांबूच्या गुळगुळीत केलेल्या कामट्या लावा आणि चिकटपट्टीनं बांधा. दोन तासांनी बोटं बघा. ती थंड किंवा निळसर वाटली तर पट्टी घट्ट झाली आहे, लगेच सैल करा. कोंबडीचं हाड लवकर जुळतं, साधारण तीन आठवड्यांत पट्टी काढता येते. मांडीचं हाड मोडलं असेल किंवा हाड बाहेर डोकावत असेल तर हा घरचा उद्योग नाही, सरळ दवाखाना गाठा.

कारण कोणतंही असो, तिला बाकीच्यांपासून वेगळी करा. रक्त किंवा अशक्तपणा दिसला की कोंबड्या टोचत सुटतात, काही वेळा जीव घेईपर्यंत. मोठ्या डालग्याखाली, सावलीत, बाकीच्या दिसतील अशा जागी ठेवा; एकटी पडली तर खाणं सोडते. खाली जाड पोती आणि वर कोरडा भुसा टाका. पाणी आणि ज्वारी-मका-भरडा बसल्या जागी चोच पोचेल असं ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी दिवसातून तीन-चारदा बदला. विष्ठा रोज काढा, जखमेवर माशी बसू देऊ नका, नाहीतर दोन दिवसांत अळ्या होतात. अंड्यावरची आहे म्हणून शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. कॅल्शियम कमी पडलं की अंड्याचं कवच पातळ होतं आणि पायही अधू होतात. परत सोडल्यावर बसायची दांडी दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको.

नळीवरचे खवले पांढरट, उचललेले, खरबरीत असतील तर ते खरजेचे किडे आहेत. पाय धुऊन व्हॅसलिन चोपडत राहा. पंखाखाली गोचिडंही बघा. ती दिवसा भिंतीच्या भेगांत लपतात, रात्री रक्त पितात आणि कधीकधी त्यांच्यामुळं दोन्ही पाय लुळे पडतात. अशा वेळी खुराड्याच्या भेगा लिंपल्याशिवाय गोचिडं हटत नाहीत.

मात्र काही लक्षणं दिसली की दुखापत समजून थांबू नका. दोन ते पाच महिन्यांची तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) एक पाय पुढं, एक मागं टाकून पडली असेल तर मरेक्स रोगाची शंका घ्यावी; त्यावर औषध नाही, लस पिल्लू निघतं त्याच दिवशी उबवणी केंद्रात द्यावी लागते. एकापेक्षा जास्त कोंबड्या लुळ्या, हिरवट पातळ हगवण, मान मुरगळलेली, धाप लागलेली असेल तर राणीखेत असू शकतो. तेव्हा कोंबड्या विकू नका, मेलेल्या उघड्यावर फेकू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आता गोळीचं. मेडिकलमध्ये दुखण्यावर सहज मिळणारं डायक्लोफेनॅक कोंबडीची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेलेल्या याच औषधानं आपल्याकडची गिधाडं मेली आणि २००६ पासून देशात जनावरांसाठी ते बंद आहे. माणसाची कोणतीच गोळी मनानं देऊ नका. तीन-चार दिवसांत सूज उतरली नाही किंवा तिनं खाणं सोडलं तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मिळते. कोंबडीचं वय, कोणता पाय, किती दिवस झाले आणि लसी कोणत्या दिल्या, हे तयार ठेवा. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे तिथंच विचारून घ्या, आणि तेवढे दिवस ती अंडी लेकरांना देऊ नका, विकूही नका.