पाइपातून गळतंय ते पावसाचं पाणी नाही

प्रश्न: आमचं घर गोव्यात वाळपईजवळ. आईला धुराचा त्रास म्हणून न्हाणीतल्या भाणाच्या (आंघोळीचं पाणी तापवायच्या भांड्याच्या) चुलीला पत्र्याची चिमणी बसवली. पण जुलै लागला की पाइपच्या जोडातून काळं चिकट पाणी भिंतीवर ओघळतं, डांबरासारखा वास. मेस्त्रीने सिलिकॉन मारलं तरी तेच. पाऊस आत शिरतोय का? – एक वाचक

उत्तर: सिलिकॉनवर आणखी पैसे घालू नका. वासावरून सांगतो, तो धूरच आहे. ओलं लाकूड नीट पेटत नाही, नुसतं धुमसतं, त्या धुरात वाफ आणि अर्धवट जळलेला तेलकट भाग असतो आणि पाइप १२० अंशांच्या खाली गेला की तो आतून चिकटतो. हाच क्रिओसोट. आधी काजळी, मग डांबर, आणि दुर्लक्ष केलं तर काचेसारखा कडक थर, जो ब्रशला दाद देत नाही आणि एकदा पेटला की पाइप लालबुंद होतो, वर तुमचे वासे आहेत हे लक्षात ठेवा.

आता जोड बघा. खालचा पाइप वरच्यात घातलाय ना? बहुतेक जण असंच करतात, धूर वर जातो म्हणून. पण ओघळ खाली येतो! वरच्या पाइपाचं टोक खालच्याच्या आत हवं, म्हणजे ओघळ आतूनच चुलीत उतरतो. धूर बाहेर येईल ही भीती नको, चिमणीला ओढ असली की जोडातून उलट हवा आत जाते.

पण खरी गोष्ट लाकूड. काजूचं असो की अकेशियाचं, दिवाळीनंतर लगेच फोडून मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, रचा, चारी बाजूंनी वारा लागला पाहिजे, प्लास्टिकने गुंडाळू नका. ओल २० टक्क्यांच्या खाली हवी, मीटर नसला तर दोन ओंडके एकमेकांवर आपटा, खणखण वाजले तर सुके, ढब्ब वाजले तर अजून ठेवा. काजूची टरफलं मात्र या चुलीत नकोच, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि आईसाठीच तर सगळा खटाटोप ना.

पाणी सकाळपर्यंत गरम राहावं म्हणून रात्री मोठे ओंडके घालून हवा बंद करता का? ते सोडा, थोडी लाकडं पण भडकती ठेवा. ब्रश पावसाआधी एकदा आणि चतुर्थीनंतर एकदा, आणि थर ३ मिलिमीटर दिसला तर मधेच, पण चूल पूर्ण थंड झाल्यावर.

भिंतीवरचा डाग नुसत्या रंगाने झाकणार नाही, परत वर येईल. आधी डाग अडवणारा ऑइल प्रायमर मारून घ्या.