एन्ग्रेल्ड पेशीत शिरतं का, हे तपासताना

झेब्राफिशच्या मध्यमेंदू-पश्चमेंदू सीमेवरच्या एन्ग्रेल्डपासून (डीएनएला बांधून जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनापासून) सुरुवात करताय, तर आधी एक लक्षात घ्या: पेशी फिक्स केल्यावर (रसायनाने मारून आहे तशा टिकवल्यावर) केंद्रक चमकलं म्हणजे प्रथिन आत गेलं, असं नव्हे. त्याच्या ६० अमिनो आम्लांच्या होमिओडोमेनवर, म्हणजे डीएनएला बांधणाऱ्या भागावर, धनभार भरपूर असतो, त्यामुळे ते पेशीबाहेरच्या हेपरान सल्फेटला (ऋणभारित साखर-साखळ्यांना) चिकटून बसतं. मिथेनॉल किंवा फॉर्मल्डिहाइडने पेशीपटल सैल झालं की तेच आत घुसतं आणि डीएनएला धरतं. नवख्यांचे बहुतेक ‘यशस्वी’ फोटो असेच निघतात.

म्हणून जिवंत पेशीच बघा. सीरमविरहित माध्यमात प्रथिनाच्या १ मायक्रोमोलर मात्रेपासून सुरू करा, कारण सीरम प्रथिन बांधून ठेवतं. नंतर बाहेर चिकटलेलं प्रथिन काढायला हेपरिनने धुऊन ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं विकर) द्या. माशाच्या पेशी २८ अंशांवर असतात, तिथे ट्रिप्सिन सावकाश चालतं. थोडा जास्त वेळ ठेवा.

आत ठिपके दिसले तर माल एंडोसोममध्येच (पेशीने बाहेरचं गिळताना बनणाऱ्या पिशव्यांमध्ये) अडकलाय. ४ अंशांवर एंडोसायटोसिस (हे गिळणं) थांबतो, तो कंट्रोल हवाच. सोबत होमिओडोमेनच्या ४८व्या जागेचं ट्रिप्टोफॅन (आत शिरायला लागणारं अमिनो आम्ल) बदललेलं रूपही कंट्रोल म्हणून घ्या. मात्रा वाढवताना प्रोपिडियम आयोडाइडही (पटल फाटलेल्या पेशीतच शिरणारा रंग) घाला. पटल फाटलेलं असेल तर सगळंच आत जातं.