मुंबईत घर घेण्याआधी त्या भागात पूर्वी काय काय घडून गेलंय ते कसं शोधावं?

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळे मुंबईत येताय, कुर्ला ते घाटकोपर या पट्ट्यात घर बघताय, आणि इथे आजवर कोणत्या नैसर्गिक आपत्ती आल्या ते आधी समजून घ्यायचंय. मी कुर्ल्यातच वाढलो आणि अजून इथेच राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन आकडे बघा. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर नोंद झाली. कुलाब्यात त्याच 24 तासांत फक्त 73. अंतर वीस-बावीस किलोमीटरचं. 5 जुलै 1974 ला उलटं झालं: कुलाब्यात 575 मिलिमीटर, आणि सांताक्रूझला त्यापेक्षा बराच कमी. म्हणून 'मुंबईत पूर येतो का' असं विचारून काही हाती लागत नाही. नाका कुठला, गल्ली कुठली, मजला कितवा, हे विचारावं लागतं.

कुर्ल्याचं म्हणाल तर सगळं मिठी नदीभोवती फिरतं. विहार आणि पवई तलाव भरले की त्यांचं ओसंडणारं पाणी मिठीत येतं. ती विमानतळाच्या आवारातून, कुर्ला-कलिना करत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कडेने माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत तिचं पात्र दोन्ही बाजूंनी दाबलं गेलंय, खारफुटीवर भराव पडलाय. त्यात शहरातली पर्जन्यवाहिन्यांची बहुतेक मुखं भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की पाण्याला बाहेर पडायला जागाच उरत नाही, ते उलट रस्त्यावर येतं. 26 जुलैला नेमकं हेच झालं. जुन्या वाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या. त्यांची क्षमता दुप्पट करा असं सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल 1993 मध्येच तयार होता. कामाला खरा वेग आला तो 2005 नंतर, मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेल्यावर. ही बारा वर्षं मला अजून सलतात.

आमच्या गल्लीत पाणी उतरलं तेव्हा घराघरांत भिंतीवर चिखलाची सरळ रेघ राहिली होती, ती कुठे खिडकीच्या गजांपर्यंत तर कुठे त्याच्याही वर. वाण्याच्या दुकानातली तांदळाची पोती फुगून फाटली होती. दोरीवर कपड्यांऐवजी रेशनकार्डं, मार्कशीटा, पासबुकं चिमटे लावून वाळत घातली होती. मग लेप्टोची, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून पसरणाऱ्या तापाची, साथ आली. पाणी ओसरल्यावरही माणसं जातात हे तेव्हा कळलं.

घर बघायला जाल तेव्हा विजेचे मीटर जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते आधी बघा. आमच्या बाजूच्या अनेक इमारतींनी 2005 नंतर ते वर नेले. दुकानांचे उंबरठे वाढवलेत का, माल फळ्यांवर उचलून ठेवलाय का, हेही पाहा. एजंटला पुराबद्दल विचारण्यात अर्थ नाही. तळमजल्यावरच्या वाण्याला विचारा, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा. पाणी कुठपर्यंत आलं होतं ते हात लावून दाखवतील.

घाटकोपरचा प्रश्न वेगळा आहे. तिथे सखल भागात पाणी तुंबतं हे खरं, पण जास्त भीती टेकडीची. जुलै 2000 मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून 70 च्या आसपास माणसं गेली. 26 जुलै 2005 लाच साकीनाक्याला दरड आली. जुलै 2019 मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात, 18 जुलै 2021 ला चेंबूरच्या भारतनगरात भिंती कोसळल्या, त्याच रात्री विक्रोळीतही दरड आली. यातल्या बहुतेक घटना रात्री, माणसं झोपेत असताना घडल्या. उतारावर मुरलेलं पाणी भिंतीमागे साठतं, निचऱ्याला वाट नसली की भिंत ते वजन किती वेळ पेलणार? गुडघाभर पाण्यातून माणूस निघू शकतो. भिंत अंगावर आली तर उठायलाही वेळ मिळत नाही. तेव्हा खोलीच्या मागे टेकडी किंवा उंच दगडी भिंत असेल तर भाडं कितीही कमी असो, ती जागा सोडून द्या.

वाऱ्याचंही सांगतो. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कुलाब्यात ताशी 114 किलोमीटर वाऱ्याची नोंद झाली, आणि मुंबईपासून दूर समुद्रात पी-305 हा तराफा बुडून कितीतरी कामगार गेले. त्याआधी 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, मुंबई थोडक्यात वाचली. जुन्या लोकांकडून तुम्ही 'रामदास' बोटीबद्दल ऐकाल: 17 जुलै 1947, गटारीचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वादळी समुद्रात उलटली, सहाशेहून जास्त माणसं बुडाली. कोकणातल्या कितीतरी घरांत ते दुःख अजून जुनं झालेलं नाही. तुमच्या पट्ट्यात वाऱ्याचा धोका म्हणजे जुनी झाडं आणि होर्डिंगं. 13 मे 2024 ला घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून 17 जण गेले.

इंटरनेटवर 1882 च्या चक्रीवादळात मुंबईत एक लाख माणसं मेली असं वाचायला मिळेल. त्यावर विश्वास ठेवू नका. अभ्यासकांनी त्या काळच्या नोंदी तपासल्या, असं वादळ झाल्याचा पुरावा मिळाला नाही. खरं मोठं वादळ नोव्हेंबर 1948 मध्ये आलं होतं.

भूकंपाचे धक्के इथे जाणवलेत, 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा तर घरातल्या मोठ्यांना पक्का आठवतो. पण घर निवडताना मी तो विचार शेवटी करीन.

शक्य असेल तर जागा जुलैमध्ये, साडेचार मीटरच्या वर भरती असेल त्या दिवशी बघा. अशा दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. आपत्कालीन कक्षाचा 1916 हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये साठवा. मिठीकाठी कुर्ला पश्चिमेला तळमजला घेऊ नका, पहिला किंवा दुसरा मजला चालेल. नक्की कुठली जागा बघताय तो पत्ता इथे टाकू नका, नुसतं नाक्याचं नाव कळवा. त्या बाजूला पाणी कुठवर चढतं ते मला माहीत असेल तर सांगतो, नाहीतर तिथे राहणाऱ्या मित्रांना विचारून कळवतो.