लाल असताना स्टील फाटतं कशानं?

प्रश्न: अंबडला आमचं छोटं फोर्जिंग युनिट आहे, म्हणजे तापलेलं स्टील ठोकून घडवायचं. नवीन लॉटचे बार आले, भट्टी तीच, डाय तीच, ऑपरेटर पण तोच, तरी हॅमरखाली जॉबच्या पाठीवर बारीक तडे येतायत, फोटो पाठवलाय. सप्लायर म्हणतो सर्टिफिकेट ओके आहे, तुम्हीच जास्त तापवलं. नक्की चूक कुणाची?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: फोटो झूम करून बघितला. तडे उथळ आहेत आणि जाळीसारखे, मे महिन्यात गंगापूर धरणाच्या काठचा गाळ भेगाळतो ना, तसे. माझा पहिला संशय तांब्यावर आहे.

भंगारापासून केलेल्या स्टीलमध्ये मोटरच्या वायंडिंगचं तांबं येतंच आणि एकदा आत गेलं की काढता येत नाही. भट्टीत लोखंडाचं स्केल, म्हणजे ऑक्साइडची पापडी, होत जातं पण तांब्याचं होत नाही, ते मागे राहून स्केलखाली साचतं, 1085 अंशांच्या आसपास वितळतं आणि ग्रेनच्या, म्हणजे स्टीलमधल्या बारीक स्फटिकांच्या, शिवणींमध्ये शिरतं, मग घाव बसला की शिवण उसवते. सोबत कथील असेल तर अजून वाईट, निकेल असेल तर बरंच सुसह्य. गंधकाचंही असंच, त्याचं लोखंडाबरोबरचं मिश्रण 988 अंशांनाच वितळतं, पण मँगनीज पुरेसं असलं की ते गंधकाला आधीच धरून ठेवतं, आणि मँगनीज तर सर्टिफिकेटवर असतंच. तांब्याचा कॉलम असेलच असं नाही!

जास्त तापवलं असतं तर ग्रेन मोठे होऊन तडे खोल गेले असते. उलट तांब्याचा त्रास 1100 च्या आसपास जास्त, 1200 च्या पुढे कमी होतो, त्यामुळे सप्लायरचं म्हणणं मला पटत नाही.

कधी कधी तडा बिलेटमधूनच, म्हणजे बार ज्यातून लाटतात त्या ओतीव ठोकळ्यातूनच, येतो म्हणा. ओतताना वाकलेला बिलेट सरळ करतात तेव्हा तो 700 ते 900 अंशांत असला तर ग्रेनच्या कडेनं फेराइटचा, म्हणजे लोखंडाच्या मऊ रूपाचा, पातळ पापुद्रा धरतो, त्यात अॅल्युमिनियम नायट्राइडचे कण, सगळा ताण तिथेच येतो. पण ते तडे बहुतेक कोपऱ्यांवर असतात, तुमचे तसे दिसत नाहीत.

आता तुमच्याकडचं. जेवणाच्या सुट्टीत बार भट्टीतच राहतात का? राहत असतील तर ते बंद करा, जितका वेळ आत तितकं स्केल आणि तितकं तांबं गोळा. स्पेक्ट्रोवर (स्टीलमधले घटक मोजायच्या यंत्रावर) तांबं आणि कथील मुद्दाम मागून घ्या. आणि एक जॉब तड्यावर आडवा कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरा, भेगेत तांबूस धागा दिसला तर तो तुकडाच सप्लायरच्या टेबलावर ठेवा.