घरात शब्दांशिवाय संवाद साधायचा प्रयोग कुणी केला आहे का? मुलांसोबत कसा करावा?

आम्ही ठरवून केला नाही, गळ्यात पडला. अगदी शब्दशः.

बायको शिक्षिका. वीस वर्षं वर्गात वरच्या पट्टीत बोलून स्वरतंतूंवर गाठी आल्या. डॉक्टरांनी सात दिवस पूर्ण मौन सांगितलं. "कुजबुजायचंही नाही, त्यानंही घशावर ताण येतो," असं वर बजावलं. पुणेरी परंपरेला जागून तिनं फ्रिजवर पाटी लावली: "बोलणार नाही. कारण विचारू नये." तरी आईनं मला स्वयंपाकघरात गाठलंच, "काय रे, भांडलात का?" आपल्याकडे घरात कुणी गप्प बसलं की तो अबोलाच.

दोन दिवस वहीवर भागवलं. मग नऊ वर्षांची लेक म्हणाली, "हे तर बोलणंच झालं, फक्त पेननं." वही कपाटात गेली आणि संध्याकाळी सात ते आठ चौघांनीही गप्प राहायचं ठरलं. टीव्ही, मोबाइल बंद.

पहिल्याच संध्याकाळी मी चिमूट दाखवून विचारलं, आमटीत मीठ घातलंस का? बायकोनं मान हलवली. आपली ती तिरकी मान! मी "नाही" समजलो आणि घातलं. खारट आमटी सगळ्यांनी निमूट ओरपली, कारण तक्रार करायला अजून वीस मिनिटं होती.

खरी गंमत नंतर कळली. आमचं निम्मं बोलणं भिंतीआडून चालायचं: "अगं, टॉवेल!" ते बंद झालं. उठायचं, समोर जायचं, खांद्याला हात लावायचा, तोंडाकडे बघायचं. अबोल्यात माणूस नजर चुकवतो. इथे नजर वळली की बोलणंच तुटतं. मग पोळपाटावर लाटण्याचे दोन ठोके म्हणजे "ताटं घ्या" झालं. रविवारी पर्वती चढताना लेकीनं हात एकदा दाबला की "हळू", दोनदा दाबला की "थांब, दम लागला".

सगळ्यांत तरबेज निघाली आई. आठ वाजून गेल्यावर तिनं सांगितलं, "सदाशिव पेठेतल्या वाड्यात मामंजींसमोर बोलायची सोय कुठे होती? माजघरातून बांगड्या वाजवायचे, की तुझे बाबा समजायचे." इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

मुलांसोबत करायचं तर एक तास पुरे. शिक्षा म्हणून कधीच नको, नाहीतर त्याचा अबोला होतो. आणि "93 टक्के संवाद शब्दांविना होतो" असं कुणी ऐकवलं तर मनावर घेऊ नका. हा आकडा ज्यांतून आला ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे 1967 मधले प्रयोग भावना आणि आवडनिवड ओळखण्यापुरते होते. लाइट बिल कधी भरायचं हे भुवयांनी सांगता येत नाही, आम्ही करून बघितलं.

घरच्या खाणाखुणांना सांकेतिक भाषा मात्र म्हणू नका. कर्णबधिरांची भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. तिच्यात 'काय', 'कुठे' हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात, आणि हो-नाहीच्या प्रश्नात उंचावलेल्या भुवया हा व्याकरणाचाच भाग असतो. दिल्लीच्या सरकारी संशोधन केंद्रानं 2021 मध्ये 10,000 शब्दांचा कोश काढला, तो नेटवर फुकट बघता येतो. लेक त्यातून शिकतेय. इंग्रजी मुळाक्षरं बहुतेक दोन्ही हातांनी करायची असतात, त्यामुळे ती नाव सांगत असताना हातातला लाडू खाली ठेवावा लागतो, ही तिची तक्रार.

बायकोचा आवाज आता परत आलाय. लाटण्याचे ठोके मात्र राहिले. परवा मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो, तर चार पडले.