लॅपटॉपचा मदरबोर्ड पूर्ण बंद पडल्यास घरच्या घरी दोष शोधून दुरुस्ती करता येते का?

आपण लिहिले आहे की लॅपटॉप एका रात्रीत पूर्ण बंद पडला, चार्जर जोडला तरी साधा दिवाही लागत नाही, सर्व्हिस सेंटरने ‘मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल’ एवढेच सांगितले. मल्टिमीटर हाताळता येणाऱ्या माणसाला हे काम घरी जमेल का आणि त्यासाठी काय काय विकत घ्यावे, असे आपण विचारता. जमते. मात्र ‘बोर्ड गेला’ हे वाक्य ऐकले की मला गप्प बसवत नाही, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे. ताप आलेल्या माणसाला तपासल्याशिवाय कोणी ‘शरीर गेले’ म्हणत नाही. बोर्डावर शेकडो सुटे भाग असतात आणि पूर्ण बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा त्यांपैकी एखादाच बिघडलेला असतो. तो कोणता, हे न सांगता सगळा बोर्ड बदलायला लावणे याला मी निदान मानत नाही.

मी कोल्हापुरात सीएनसी यंत्रांच्या ड्राइव्ह कार्डांची दुरुस्ती करतो, त्यामुळे डीसी सप्लाय (हवे तेवढे व्होल्ट देणारे यंत्र), हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवणारे यंत्र) आणि भिंग घरी कायमचेच मांडलेले असते. माझी भाची एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रकल्पाचा अहवाल सादर करण्याच्या ऐन वेळी तिचा लॅपटॉप असाच थंड पडला. सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलण्याचा जो खर्च सांगितला, तो लॅपटॉपच्या मूळ किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. दाजी, म्हणजे तिचे वडील, स्वतः कार्यालयांना संगणक पुरवण्याचा व्यवसाय करतात. त्यांचे मत ठाम होते: एक तर बोर्ड बदला, नाही तर ओळखीच्या एका दुकानातून ‘हीटिंग’ (बोर्ड गरम हवेने तापवणे) करून घ्या. “बोर्डाचे काम कारखान्यातले आहे, घरातल्या टेबलावर ते होत नाही,” असे त्यांनी मला जेवणाच्या पानावर सर्वांसमक्ष सांगितले. मी तो लॅपटॉप त्याच रात्री घरी घेऊन आलो.

मागचे झाकण काढल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. अडॅप्टर जोडून मोजले, तर पहिल्या मॉस्फेटपर्यंत (वीज सोडणारा-अडवणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) १९.५ व्होल्ट व्यवस्थित पोहोचत होते. तिथून पुढे, ज्या मुख्य लाइनवरून साऱ्या बोर्डाचा वीजपुरवठा निघतो, तिथे मात्र शून्य होते. म्हणजे प्रवेशाचे मॉस्फेट उघडतच नव्हते. आता येथे घाईने मॉस्फेट बदलणारे पुष्कळ असतात. पण चार्जिंगची आयसी दरवाजा उघडत नसेल, तर पुढे काहीतरी शॉर्ट आहे का हे आधी पाहावे लागते. अडॅप्टर काढून त्या लाइनचा ग्राउंडशी, म्हणजे बोर्डाच्या ऋण बाजूशी, रोध मोजला, तो ०.६ ओहम आला. मीटरच्या तारा एकमेकींना टेकवल्या की ०.२ दाखवत होत्या, तेव्हा खरा रोध ०.४ ओहम. हा सरळ शॉर्ट होता. ज्याला ‘गेलेला’ ठरवले होते, त्या बोर्डाचे संरक्षण नेमून दिल्याप्रमाणे चोख काम करत होते, आणि ही गोष्ट मीटर हातात घेतल्यावर काही मिनिटांत कळण्याजोगी होती.

मुख्य लाइन शॉर्ट असली की बहुधा दोन शक्यता उरतात. एक म्हणजे तिच्यावरचा एखादा सिरॅमिक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) आतून जुळलेला असतो. दुसरी म्हणजे एखाद्या पुरवठ्याचा वरचा, म्हणजे मुख्य लाइनकडचा, मॉस्फेट आरपार जुळलेला असतो, आणि तो मॉस्फेट प्रोसेसरच्या पुरवठ्याचा असेल तर १९ व्होल्ट थेट प्रोसेसरमध्ये शिरण्याची भीती असते. म्हणून बाहेरून वीज सोडण्याआधी ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, रॅम आणि प्रोसेसर या प्रत्येकाच्या पुरवठ्यातल्या कॉइलपासून (तारेचे वेटोळे असलेला भाग) मुख्य लाइनपर्यंतचा रोध मोजलाच पाहिजे. ही पायरी गाळणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नये. प्रोसेसरच्या कॉइलचा ग्राउंडशी रोध काही ओहम, क्वचित एकाहूनही कमी येतो आणि तो तसाच यायचा असतो. त्याला शॉर्ट समजून प्रोसेसर मेल्याचे जाहीर करणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत. भाचीच्या बोर्डावर सर्व कॉइल निर्दोष होत्या, त्यामुळे संशय कपॅसिटरवर आला.

मग डीसी सप्लाय १ व्होल्टवर ठेवला, विद्युतप्रवाहाची मर्यादा ३ अँपिअर केली आणि जाड तारांनी मुख्य लाइनवर वीज दिली. प्रवाह २ अँपिअरच्या आसपास स्थिरावला. येथे पूर्ण १९ व्होल्ट देण्याचे काही कारण नसते, कारण आपल्याला बोर्ड चालवायचा नसून दोषी भाग फक्त गरम करायचा असतो. बोर्डावर ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरवले आणि दिवा तिरका धरून पाहत राहिलो. सगळा भाग ओला चकाकत असताना चार्जिंग आयसीच्या बाजूला, स्क्रूच्या भोकाला लागून असलेल्या, जेमतेम २ मिलिमीटर लांबीच्या एका तपकिरी कपॅसिटरभोवतीचे अल्कोहोल सर्वांत आधी उडाले आणि कोरडे वर्तुळ पसरू लागले. खात्रीसाठी पुन्हा ओले केले, पुन्हा तेथेच वाळले. थर्मल कॅमेरा असेल तर हेच काम अधिक झटपट होते, पण त्यावाचून अडत नाही.

वीज बंद करून, अल्कोहोल पूर्ण उडून गेल्यावरच हॉट एअर लावला. फ्लक्स (सोल्डर नीट वितळून पसरावे म्हणून लावायचे रसायन) घालून तो कपॅसिटर उचलला आणि लाइन मोजली, तर रोध किलोओहममध्ये गेला होता. भिंगाखाली पाहिल्यावर त्या कपॅसिटरच्या टोकाशी तिरपी चीर स्पष्ट दिसली. सिरॅमिक कपॅसिटर ठिसूळ असतात. बोर्ड वाकला, लॅपटॉप कोपऱ्यावर आपटला किंवा स्क्रू जास्त आवळला, की सोल्डरच्या टाक्याजवळ अशी चीर पडते आणि कालांतराने आतले थर एकमेकांना भिडतात. स्क्रूजवळचे कपॅसिटर अधिक जातात, त्याचे कारण हेच.

अशा लाइनवर तसेच अनेक कपॅसिटर समांतर जोडलेले असल्यामुळे एखादा नसला तरी लॅपटॉप बहुधा चालतो. तरीही मी जागा रिकामी ठेवत नाही. या कपॅसिटरवर काहीच छापलेले नसते, त्यामुळे त्याची व्होल्टची क्षमता बघून कळत नाही. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणून ठेवलेल्या एका भंगार बोर्डाच्या १९ व्होल्टच्याच लाइनवरून त्याच मापाचा कपॅसिटर काढला, तपासला आणि बसवला. या जागी किमान २५ व्होल्टचा हवा. त्यानंतर अडॅप्टरऐवजी डीसी सप्लायवरून १९ व्होल्ट दिले. बटण दाबण्याआधी ०.०२ अँपिअर, दाबल्यावर आकडा ०.४ वर गेला, थोडा रेंगाळला आणि मग १ अँपिअरच्या वर-खाली होऊ लागला. असा खालीवर होणारा प्रवाह म्हणजे प्रोसेसरचे काम सुरू झाल्याचे लक्षण असते. भाची शेजारी बसून सगळे पाहत होती, आणि पडद्यावर चित्र येण्याआधीच तिने विचारले, “मामा, हे चालू झालंय ना?”

दाजींचे म्हणणे होते की नशिबाने लागले. त्याबद्दल मला स्पष्ट लिहायचे आहे, कारण हा आमच्यातला जुना वाद आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या कार्यालयातल्या एका लॅपटॉपच्या पडद्यावर रेघा येऊ लागल्या होत्या. दुकानदाराने बोर्ड गरम करून दिला, तो काही आठवडे चालला, मग पुन्हा गरम केला आणि शेवटी कायमचा बंद झाला. तरी हीटिंगमुळे बोर्ड ‘चालतो’ यावर दाजींचा विश्वास तसाच राहिला. वस्तुस्थिती अशी आहे की त्या काळातल्या अनेक ग्राफिक्स चिपांमध्ये मूळचाच दोष होता. एनव्हिडियाने जुलै २००८ मध्ये लॅपटॉपमधल्या अशा चिपांसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. तो दोष चिपच्या आत, सिलिकॉन आणि त्याखालची पट्टी यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म टाक्यांमध्ये होता. उष्णतेने ते टाके काही काळ पुन्हा टेकतात, जुळत नाहीत. बोर्डावरचे शिसेविरहित कथील तर सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळते; पुष्कळदा दुकानातल्या हीटिंगमध्ये ते वितळतही नाही. शॉर्ट झालेला कपॅसिटर, बंद पडलेली आयसी किंवा बिघडलेला बायोस (लॅपटॉप सुरू करणारा, चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम) यांपैकी काहीच गरम केल्याने बरे होत नाही. भाचीचा बोर्ड त्या दुकानात गेला असता तर प्रोसेसर आणि त्याच्या आसपासचे प्लॅस्टिकचे कनेक्टर भाजून निघाले असते, आणि चिरलेला कपॅसिटर तसाच राहिला असता. मोजमाप न करता बोर्डाला हवा लावणाऱ्या माणसाच्या हाती लॅपटॉप देऊ नका, तो नात्यातला असला तरी.

आता आपल्या प्रश्नाकडे. बरा मल्टिमीटर, ३० व्होल्ट ५ अँपिअरचा डीसी सप्लाय, हॉट एअर, तापमान ठरवता येणारा सोल्डरिंग आयर्न, चांगला फ्लक्स, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भिंग एवढ्यावर काम सुरू होते. बोर्डावर छापलेला क्रमांक शोधून त्याचे सर्किट आणि बोर्डव्ह्यू (कोणता भाग बोर्डावर कुठे आहे हे दाखवणारी फाइल) मिळवा. फाइल उघडण्यासाठी ओपनबोर्डव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर आहे. बहुतेक कंपन्या ही सर्किटे ग्राहकाला देत नाहीत, ती तंत्रज्ञांमध्येच फिरतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी पोर्टलही सुरू केले, पण चिप लेव्हलचे, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग दुरुस्त करण्याचे, काम करणाऱ्याची सर्किटाची अडचण त्याने दूर झालेली मला दिसत नाही.

मुख्य लाइनवर १९ व्होल्ट नीट येत असतील तर क्रम पुढे जातो: स्टँडबायचे (बटण दाबण्याआधीपासून लागणारे) ३.३ आणि ५ व्होल्ट, बटण दाबल्यावर कंट्रोलर आयसीला पोहोचणारा संकेत, मग रॅमचा पुरवठा (डीडीआर४ साठी १.२ व्होल्ट), आणि सर्वांत शेवटी प्रोसेसरचा. साखळी जेथे तुटते, तेथे शोध घ्यायचा. सर्व पुरवठे येऊनही पडदा काळाच असेल तर बायोसचा विचार करावा. बायोसची चिप वाचण्या-लिहिण्यासाठी वापरला जाणारा स्वस्त सीएच३४१ए प्रोग्रामर अनेकदा डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट देतो, त्यामुळे ३.३ व्होल्टची बायोस चिप त्यात घालण्याआधी हे तपासा, १.८ व्होल्टच्या चिपसाठी वेगळा अडॅप्टर लागतो.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. बॅटरी फुगलेली असेल तर तिला हात लावू नका. खिडकी उघडी ठेवा, कथील हाताळल्यावर हात धुवा. प्रोसेसर किंवा दुसरी बीजीए चिप (बुडाशी असलेल्या सोल्डरच्या गोळ्यांनी जोडलेली) काढून बसवण्याचे काम घरी करू नका. त्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या शहरात चिप लेव्हलचे काम खरोखर करणारा कारागीर शोधा, आणि बोर्ड देण्याआधी कोणत्या लाइनवर काय मोजले ते तो सांगतो का, हे पाहा. पाणी किंवा चहा सांडलेला बोर्ड असेल तर माझ्या वरच्या उदाहरणावर विसंबू नका. तेथे एक दोष काढला की दुसरा निघतो.

आणि बोर्ड बदलायचेच ठरवलेत तर आधी बिटलॉकरची (विंडोजमधली डिस्क कुलूपबंद करणारी सोय) ४८ अंकी रिकव्हरी की हातात आहे ना, याची खात्री करा. विंडोजने डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची किल्ली जुन्या बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा यंत्रणेशी बांधलेली असते. बोर्ड बदलला किंवा एसएसडी काढून दुसरीकडे जोडली की हीच की मागितली जाते, आणि ती नसेल तर माहिती परत मिळत नाही. भाचीला सर्व्हिस सेंटरने याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. तिचा सगळा अहवाल त्याच डिस्कवर होता.

बोर्डाचा क्रमांक आणि मुख्य लाइनचा ग्राउंडशी रोध किती येतो, एवढे येथे लिहिलेत तर आपल्या बोर्डाबद्दल मला नेमके काही सांगता येईल.