आईच्या गुडघ्यांसाठी ताई ची, आणि ते "मूळचं आपलंच" का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, ६८ वर्षांच्या आईला गुडघेदुखीत ताई ची, म्हणजे तो संथ हालचालींचा चिनी व्यायाम, चालेल का, आणि काका म्हणतात तसं हे बोधिधर्माने, म्हणजे भारतातून चीनला गेलेल्या बौद्ध भिक्षूने, इथून नेलेलं आपलंच आहे का. आधी काकांचं घेऊ, कारण हे मी दर दिवाळीला कोणाकडून तरी ऐकतोच.

१९७३ मध्ये चीनच्या हूनान प्रांतात चांगशाजवळ मावांगदुईच्या थडग्यात रेशमावर रंगवलेलं एक चित्र सापडलं. व्यायाम करणारी ४४ माणसं, बायका-पुरुष दोन्ही, कोणी हात वर ताणलेत, कोणी कमरेत वाकलंय. थडगं इ.स.पू. १६८ चं, म्हणजे बोधिधर्माच्या निदान सहाशे वर्षं आधीचं. त्याच्या नावावर खपवलेलं व्यायामाचं पुस्तक तर अभ्यासक सतराव्या शतकातलं मानतात. मधे हुआ थुओ नावाचा वैद्य होऊन गेला, त्याने वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या हालचालींचा व्यायाम बसवला, सतत फिरणाऱ्या दाराची खुंटी किडत नाही म्हणायचा. ताई ची त्या मानाने परवाचं, हनान प्रांतातल्या छन घराण्याच्या गावातली मारामारीची कला, आणि बागेत म्हातारी मंडळी करतात तो सोपा २४ हालचालींचा प्रकार चीन सरकारने १९५६ मध्ये बसवून घेतला. श्वासाचं साम्य आहे योगाशी, म्हणून लगेच मालकी सांगायची गरज नाही.

आता गुडघे. बॉस्टनला २०४ गुडघेदुखीवाल्यांवर अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला, १२ आठवडे निम्म्यांना ताई ची, निम्म्यांना फिजिओथेरपी, आणि आराम दोघांना जवळपास सारखाच. पार्किन्सनच्या पेशंटमध्येही तोल सुधारून पडणं कमी झाल्याचं दिसलंय. पण अंगातली "ची", म्हणजे प्राणशक्ती, पेशंटवर सोडून कॅन्सर बरा करतो म्हणणारा कोणी भेटला तर सरळ उठून या.

माझ्या मते खरी कमाल चालण्यात आहे. पाऊल पुढे टाकायचं ते रिकामं, टाच नुसती टेकवायची, वजन सगळं मागच्याच पायावर, मग हळूहळू पाण्याची बादली ओतल्यासारखं वजन पुढे न्यायचं आणि मागचा पाय पूर्ण रिकामा झाला की मगच उचलायचा. घाई केली की लगेच डुगडुगता, कळतं आपण एरवी किती धडाधड आपटत चालतो ते.

मी सुरुवातीला व्हिडिओ बघून फार खाली बसायचो, वळताना गुडघा आत जायचा, दोन महिने जिना चढता येत नव्हता. तर आईंना उंचच उभं राहू द्या, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच हवा, आणि वळायचं असेल तर आधी वजन काढून पाऊल फिरवायचं, गुडघा पिळायचा नाही. गुडघा सुजलेला असेल तर आधी ऑर्थोपेडिकला दाखवा. पहिला महिना मागे खुर्ची ठेवा, हात टेकायला, आणि रोज दहा मिनिटं बस झाली.